गाडीला टायर कोणत्या मापाचा घ्यावा?

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी आहेत. कोणी टॅक्सी चालवतो, कोणाचे गॅरेज आहे, कोणी पंक्चर काढता काढता टायरचे दुकान थाटले आहे. शिवाय घरची गाडी बाळगणारे तर आता गावोगावी आहेत. या सर्वांच्या हातून टायर बदलले जातात. परंतु टायरच्या अंगावर छापलेले आकडे वाचून टायर निवडणारे फार थोडे. 'बाराचा द्या', 'चौदाचा आहे का?' एवढ्या दोन शब्दांवर सौदा होतो आणि जो टायर रिमवर चढतो तोच गाडीचा टायर समजला जातो.

रिमवर चढणे ही टायर निवडण्याची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. चार चाकांचे चार तळवे सोडले तर गाडीचा रस्त्याशी दुसरा कोणताही संबंध नसतो. ब्रेक लागणे, गाडी वळणे, बायकामुलांसह सामानाचे ओझे पेलणे हे सर्व त्या चार तळव्यांवर चालते. म्हणून आजच्या लेखात आपण टायरचे माप कसे वाचावे, बदली टायरचा हिशोब कसा करावा आणि कोणत्या ठिकाणी तडजोड मुळीच करू नये, हे क्रमाने पाहू. हिशोब चौथी-पाचवीच्या गुणाकार-भागाकाराचा आहे. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसावे, अशी आमची विनंती आहे.

आकडे कसे वाचावेत?

उदाहरणासाठी मारुती डिझायर ही ओळखीची गाडी घेऊ. तिच्या साध्या मॉडेलच्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिलेले असते. टायरवर हे सर्व इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत असते. आपण ते येथे देवनागरीत घेतले आहे. याचे पाच भाग पडतात.

१६५ म्हणजे हवा भरलेल्या टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही रुंदी एका बाजूच्या साइडवॉलपासून दुसऱ्या बाजूच्या साइडवॉलपर्यंत धरतात. जमिनीला टेकणारा पट्टा यापेक्षा थोडा अरुंद असतो.

८० हा आकडा बहुतेकांना चकवतो. ही ८० मिलिमीटर उंची नव्हे. साइडवॉलची उंची रुंदीच्या शेकडा ८० आहे, असा त्याचा अर्थ. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. रुंदी बदलली की तेवढ्याच टक्क्यांतही उंची बदलते, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा हिशोब हिच्यावरच उभा आहे.

'आर' या अक्षराला काही जण रिम समजतात, काही जण त्रिज्या समजतात. दोन्ही चूक. 'आर' म्हणजे रेडियल. टायरच्या आतील दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे घातलेले आहेत, असे ते सांगते. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या टायरवर ५.९०-१५ असे असायचे. तेथे रुंदी इंचांत असे आणि मधली आडवी रेघ म्हणजे दोरे तिरपे, एकमेकांवर फुलीसारखे घातलेले.

१४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचांत, अशी ही खिचडी आहे खरी. पण जगभर हीच पद्धत रूढ आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आणि 'टी' हे वेगाचे अक्षर. या दोघांकडे गिऱ्हाईक बहुधा पाहत नाही आणि दुकानदारही दाखवत नाही. यांच्याकडे आपण थोड्या वेळाने वळू.

योग्य माप कोठे सापडेल?

गाडीला सध्या बसवलेला टायर पाहून माप ठरवू नये. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने काय चढवले असेल याचा भरवसा नाही. खरे माप कंपनीने गाडीवरच चिकटवलेले असते. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की दाराच्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक पट्टी दिसते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत असते. टायरचे माप आणि हवेचे प्रमाण त्या पट्टीवर दिलेले असते. पट्टी निघून गेली असेल तर गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पाहावे. मात्र आपल्या गाडीचे मॉडेल व तिचा प्रकार नीट जुळवावा. एकाच नावाच्या गाडीच्या साध्या व महाग प्रकाराला वेगवेगळी मापे असू शकतात.

उंचीचा हिशोब

टायरची पूर्ण उंची, म्हणजे बाहेरचा व्यास, काढण्याची रीत सोपी आहे. रुंदीला टक्क्याने गुणावे म्हणजे एका बाजूची साइडवॉल मिळते. तिची दुप्पट करावी, कारण रिमच्या वरही साइडवॉल आहे आणि खालीही. रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवावेत.

डिझायरच्या साध्या मॉडेलचा टायर : १६५ चे ८० टक्के १३२, त्याची दुप्पट २६४. रिम १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ हा टायर देते. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. एकूण ६२१.५ मिलिमीटर.

रिम एक इंचाने मोठी झाली, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला. परंतु पूर्ण उंचीत फरक पडला तो जेमतेम २ मिलिमीटरचा. कंपनीने रिम वाढवली तेव्हा साइडवॉल कमी करून उंची राखली. मापे बदलताना उंची कायम ठेवायची, हा या विद्येचा पहिला नियम कंपनीने स्वतःच आपल्याला शिकवला आहे.

उंचीत ३ टक्क्यांपेक्षा अधिक फरक पडू देऊ नये, असा या धंद्यातील जाणकारांचा ठोकताळा आहे. आमच्या मते शक्यतो एक टक्क्याच्या आत राहावे. याचे कारण मीटरच्या भागात येईल.

'बाराचा टायर' आणि त्याचा धोका

मारुती ८०० या गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी कोठे कोठे ती अजून चालते. तिच्या नंतरच्या मॉडेलांचे माप १४५/७० आर १२ असे होते. जुन्या अल्टोचे माप १४५/८० आर १२. रुंदी तीच, रिम तीच. 'बाराचा टायर द्या' म्हटले की दुकानदार यांतला कोणताही काढून देऊ शकतो आणि तो रिमवर विनातक्रार चढतो.

आता उंची काढू. १४५/७० आर १२ ची उंची ५०७.८ मिलिमीटर आणि १४५/८० आर १२ ची ५३६.८. दोघांत २९ मिलिमीटरचा फरक आहे.

८०० ला अल्टोचा टायर चढवला तर चाक ५.७ टक्क्यांनी मोठे होते. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. मीटर ७० दाखवते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७४ च्या वेगाने धावत असते. इंजिनाला ते मोठे चाक फिरवायला जोर लागतो, चढावर गाडी मंदावते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात गाडी दबल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासण्याची भीती असते.

याच्या उलट, अल्टोला ८०० चा टायर चढवला तर धोका अधिक आहे. तेथे प्रश्न उंचीपुरता राहत नाही, ओझ्याचा होतो.

वजनाचा आकडा

टायरवरील वजनाचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. तो सांकेतिक आकडा आहे. त्याचा तक्ता जगभर एकच आहे. आपल्या नेहमीच्या गाड्यांना लागणारे आकडे असे :

६९ म्हणजे ३२५ किलो
७४ म्हणजे ३७५ किलो
७९ म्हणजे ४३७ किलो
८२ म्हणजे ४७५ किलो
८४ म्हणजे ५०० किलो
८५ म्हणजे ५१५ किलो
८८ म्हणजे ५६० किलो
९१ म्हणजे ६१५ किलो
९४ म्हणजे ६७० किलो

गॅरेजच्या व दुकानाच्या भिंतीवर हा तक्ता लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

अल्टोच्या टायरचा आकडा ७४, म्हणजे एक टायर ३७५ किलो पेलतो. ८०० च्या टायरचा आकडा ६९, म्हणजे ३२५ किलो. एका चाकामागे ५० किलो आणि चार चाकांमागे २०० किलो क्षमता कमी झाली. गाडीत पाच माणसे आणि ईदनिमित्त गावी न्यायचे सामान असेल तर याचा अर्थ काय होतो, तो वाचकांनी स्वतःच लावावा.

काही जण म्हणतात, 'गाडीचे वजन चाराने भागले तर टायरला पुष्कळ वाव उरतो.' हा हिशोब अपुरा आहे. गाडीचे वजन चारही चाकांवर सारखे वाटलेले नसते. ब्रेक दाबला की ते पुढच्या चाकांवर येते, वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकांवर येते. दुसरे असे की, तक्त्यात दिलेली क्षमता टायरमध्ये हवा पुरेशी असेल तरच खरी. हवा कमी झाली की क्षमता घटते, साइडवॉल दर फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्याने तापते आणि तापून तापून आतले थर सुटतात. टायर फुटतो तो बहुधा असा आतून शिजून फुटतो. म्हणून नियम असा : वजनाचा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा. कमी कधीही नसावा.

रुंद टायरचा मोह

गाडी भारदस्त दिसावी म्हणून तरुण मंडळी रुंद टायरची मागणी करतात. डिझायरच्या १४ इंची रिमवर १६५/८० ऐवजी काय बसवता येईल, हे हिशोबाने पाहू. मूळ उंची ६१९.६ मिलिमीटर आणि मूळ आकडा ८५, हे समोर ठेवावे.

पहिला पर्याय १७५/८० आर १४. उंची ६३५.६, म्हणजे २.६ टक्के जास्त. वजनाचा आकडा ८८, तो चालेल. परंतु उंची मर्यादेच्या काठावर गेली. मडगार्डशी जागा मोजल्याशिवाय बसवू नये.

दुसरा पर्याय १७५/७० आर १४. उंची ६००.६, म्हणजे ३.१ टक्के कमी. मर्यादा ओलांडली. शिवाय या मापाचा नेहमीचा आकडा ८४, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, दिसायला दणकट झाला, पण पेलण्याची शक्ती मूळ ५१५ वरून खाली आली. रुंद टायर म्हणजे मजबूत टायर ही समजूत किती खोटी आहे, हे यावरून दिसून येईल. साइडवॉल बुटकी झाल्याने आतली हवेची जागा घटली आणि ओझे पेलते ती हवा, रबर नव्हे.

तिसरा पर्याय १८५/७० आर १४. उंची ६१४.६, म्हणजे फक्त ०.८ टक्के कमी. आकडा ८८, म्हणजे ५६० किलो. हिशोबात हा पर्याय तिघांत उत्तम ठरतो.

तरीही दोन गोष्टी तपासायच्या राहतात. एक म्हणजे रिमची रुंदी. रिमला व्यास असतो तशी रुंदीही असते आणि प्रत्येक टायरला किमान व कमाल अशी रिमची रुंदी ठरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर डुलतो. टायर कंपनीच्या तक्त्यात ही रुंदी दिलेली असते, दुकानदाराकडे तो तक्ता मागावा. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. आत सस्पेन्शन व बाहेर मडगार्ड यांच्यामध्ये पूर्ण वळवलेल्या चाकाला मोकळीक हवी. एवढे करून रुंद टायरने पेट्रोल थोडे जास्तच जाते, हेही ध्यानात ठेवावे. सर्वसामान्य गिऱ्हाइकाने मूळ माप घ्यावे, हेच बरे.

वेगाचे अक्षर

वजनाच्या आकड्यानंतरचे अक्षर टायरची कमाल वेगमर्यादा सांगते. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१० आणि 'व्ही' म्हणजे २४०. आपण एवढ्या वेगाने जाणारच नाही, मग अक्षर कशाला पाहायचे, असे कोणी विचारील. हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो याचेही माप आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, सिमेंटच्या रस्त्यावर, न थांबता दोन-तीन तास तो वेग राखला तर टायरची खरी परीक्षा होते. मूळ अक्षर 'एच' असेल तर त्याखालचे 'टी' किंवा 'एस' घेऊ नये. वरचे घ्यायला हरकत नाही.

मीटर, भाडे आणि हलाल कमाई

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही उंचीचा एवढा बारीक हिशोब केला, तिकडे वळू. गाडीचे किलोमीटर मीटर रस्ता मोजत नाही. ते चाकाचे फेरे मोजते. रस्त्याकडेला मीटर बसवलेल्या टॅक्सीचे भाडेही याच फेऱ्यांवर ठरते.

६१९.६ मिलिमीटरचे चाक एका किलोमीटरमध्ये हिशोबाने सुमारे ५१४ फेरे घेते. त्याजागी ६००.६ मिलिमीटरचे चाक लावले तर सुमारे ५३० फेरे होतात. मीटर जुन्याच चाकावर जुळवलेले असल्याने प्रत्यक्ष १०० किलोमीटर गेल्यावर ते १०३.२ दाखवते. लग्नाच्या वऱ्हाडाला किलोमीटरच्या दराने गाडी दिली आणि १,००० किलोमीटर फिरली, तर बिलात ३२ किलोमीटर असे लागतील जे गाडी गेलेलीच नाही. समजा दर १२ रुपये असेल तर ३८४ रुपये झाले. देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसते. पण माप खोटे झाले ते झालेच.

यात झिजेची भर पडते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजत १.६ मिलिमीटरवर आली की चाकाची उंची सुमारे १३ मिलिमीटरने, म्हणजे २ टक्क्यांनी घटलेली असते. अचूक मापाचा टायरही शेवटी शेवटी मीटर दोन टक्के पुढे पळवतो. त्यावर चुकीच्या मापाची ३ टक्के तूट आली की फरक ५ टक्क्यांवर जातो. म्हणूनच आम्ही वर म्हटले की, नवा टायर घेताना शक्यतो एक टक्क्याच्या आत राहावे.

टॅक्सी मीटरची तपासणी वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ खाली होते. मीटर तपासून मोहोर लागल्यावर टायरचे माप बदलले तर ती तपासणी व्यर्थ ठरते. जे बंधू मोबाइलवरील कंपन्यांसाठी गाडी चालवतात, त्यांचे अंतर उपग्रहाच्या साहाय्याने मोजले जाते. तेथे टायरमुळे भाडे बदलत नाही. पण वेगाचे मीटर मात्र त्यांचेही चुकतेच.

कुरआनमधील ८३ व्या अध्यायाचे नावच 'अल-मुतफ्फिफीन' आहे, म्हणजे मापात घट करणारे. तराजू आणि पायली यांच्यापुरताच तो इशारा आहे असे समजू नये. ज्या वस्तूने आपण दुसऱ्याला मोजून देतो ती प्रत्येक वस्तू तराजूच आहे आणि टॅक्सीवाल्याचा तराजू त्याच्या चाकात आहे.

एकाच गाडीला निरनिराळी मापे नकोत

एका आसावरच्या दोन्ही टायरांचे माप, प्रकार व नक्षी एकच असावी. एका बाजूचे चाक उंच आणि दुसऱ्या बाजूचे बुटके असले तर गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक दाबल्यावर ती ओढ वाढते. चारही चाकांना एकाच वेळी जोर मिळणाऱ्या गाड्यांत तर पुढच्या-मागच्या चाकांच्या उंचीतील फरकाने आतली महागडी यंत्रणा झिजते.

कंपनीनेच पुढे-मागे वेगळी मापे दिली असतील तर गोष्ट निराळी. टाटा नॅनोला पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२ असे टायर होते. अशा गाडीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करण्याची नेहमीची पद्धत लागू होत नाही.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागच्या आसाला लावावेत, असा टायर कंपन्यांचा सल्ला आहे. गाडीला जोर पुढच्या चाकांतून मिळत असला तरीही हाच सल्ला लागू आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून चालक बहुधा गाडी सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

काही गाड्यांत स्टेपनी मूळ चाकांहून वेगळ्या मापाची देतात. ती पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी आणि काम होताच ती काढून ठेवावी.

टायरचे वय आणि हवा

माप बरोबर असूनही टायर जुनाट असेल तर पैसा वाया गेला. साइडवॉलवर 'डी.ओ.टी.' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. म्हणून दिसली नाही तर टायर उलटून पाहावे. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये, असे अनेक टायर कंपन्या सांगतात.

नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे आणि टायर बदलावा.

हवा भरताना टायरवर लिहिलेला मोठा आकडा पाहू नये. तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल याचा आकडा आहे. गाडीला किती हवा हवी ते दारावरच्या पट्टीवर असते. हवा टायर थंड असताना तपासावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांपैकी एखादे माप घेतले तर वादाचा प्रश्न येत नाही. मन मानेल ते माप चढवले तर अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला आपणच जागा करून देतो. तसेच केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशानुसार टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोटारीच्या टायरसाठी त्याचे मानक आयएस १५६३३ हे आहे. स्वस्तात मिळालेल्या अनोळखी टायरवर हे चिन्ह आहे की नाही, ते आधी पाहावे.

दुकानदार बंधूंना चार शब्द

गिऱ्हाईक अडाणी नसते. पण टायरच्या बाबतीत त्याला माहिती नसते आणि ते आपल्यावर विसंबून राहते. हा विश्वास म्हणजे अमानत आहे. मागितलेले माप दुकानात नसेल तर 'हाही चालून जाईल' असे म्हणून दुसरे माप गळ्यात मारू नये. उद्या मागवून देतो, असे सांगावे. पर्यायी माप सुचवायचेच असेल तर उंचीतला फरक आणि वजनाचा आकडा कागदावर लिहून दाखवावा. बिलावर नुसते 'टायर ४ नग' असे न लिहिता पूर्ण माप, वजनाचा आकडा, वेगाचे अक्षर आणि तयार झाल्याचा आठवडा लिहावा.

जुन्या टायरला काळे पॉलिश मारून नवा म्हणून किंवा गुळगुळीत टायरला गरम पात्याने खाचा पाडून 'चांगला सेकंडहॅंड' म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात चालतात. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. टायरच्या दुकानात तिचा अर्थ स्पष्ट आहे. दोष असलेली बाजू गिऱ्हाइकाकडे करून ठेवावी. ओल्या धान्याने घेणाऱ्याचे पैसे बुडतात; खोट्या टायरने त्याचे कुटुंब रस्त्यावर जाते.

स्वाध्याय

शेवटी वाचकांसाठी एक उदाहरण देतो. जुन्या इनोव्हाचे माप २०५/६५ आर १५ ९४ आहे. आठ माणसे नेणाऱ्या या गाडीला एक दुकानदार १९५/६५ आर १५ ९१ हा टायर थोड्या कमी किमतीत देऊ करतो. घ्यावा का?

उंची काढू. मूळ टायर : २०५ चे ६५ टक्के १३३.२५, दुप्पट २६६.५, अधिक ३८१, एकूण ६४७.५ मिलिमीटर. देऊ केलेला टायर : १९५ चे ६५ टक्के १२६.७५, दुप्पट २५३.५, अधिक ३८१, एकूण ६३४.५ मिलिमीटर. फरक २ टक्के. उंचीच्या ठोकताळ्यात तो बसतो.

आता वजन. ९४ म्हणजे ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. एका चाकामागे ५५ किलो, चार चाकांमागे २२० किलो कमी. आठ माणसांची गाडी आणि तीन-चार माणसांचे वजन पेलण्याची ताकद आपण दुकानातच सोडून आलो. उत्तर उघड आहे : फुकट दिला तरी घेऊ नये.

हा हिशोब करायला दोन मिनिटे लागतात. टायर घेण्यापूर्वी दारावरची पट्टी पाहावी, उंची ताडून घ्यावी, वजनाचा आकडा व वेगाचे अक्षर कमी नाही ना ते पाहावे आणि तयार झाल्याचा आठवडा वाचावा. आपल्या गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनाही पाना हाती देण्यापूर्वी हे आकडे वाचायला शिकवावे. कारागिरीला हिशोबाची जोड मिळाली की धंद्यात बरकत येते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास टिकतो. अल्लाह आपणा सर्वांना पूर्ण मापाने देण्याची व घेण्याची सद्बुद्धी देवो.